एकेचाळीस नंबर

मिनेगिशी बाईंनी पहिल्या दिवशी
मला सूक्ष्मदर्शक दाखवलाच नाही.
तीनदा चपला बदलायला लावल्या,
नखं पाहिली, आणि विचारलं,
शिंक आली तर काय करशील?
दाबेन, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, दाबलेली शिंक हातात उतरते.
आधी हात बाहेर काढायचे, मग काय ते.

वर साप्पोरोत कंबरभर बर्फ होतं.
तळघरात नायट्रोजनची पेटी मंद घुमत होती
आणि पेटीत, एवढ्याशा पारदर्शक बशीत,
सूर्याहून थोडेसेच धाकटे
एकशे सहा कण.
मोहरीसुद्धा त्यांच्यापुढे डोंगर.

यान सहा वर्षांनी परतलं होतं,
आणि डबा उघडला तर आत काहीच दिसेना म्हणे.
मंडळी एकमेकांची नजर चुकवू लागली.
मंत्रालयाला काय कळवायचं, कुणी पुटपुटलं.
बाईंनी डबा पालथा धरला
आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने
बुडावर एक थाप मारली.
सारोमाच्या काठी जन्मभर शिंपले उकलले
त्या बापाच्या लेकीचा
रिकाम्या शिंपल्यावर कधीच विश्वास नव्हता.

कण धरायचा नसतो, त्या सांगत.
सुईला किंचित वीज द्यायची
आणि त्याला यावंसं वाटेपर्यंत थांबायचं.
साडेचार अब्ज वर्षं थांबलाय तो,
तुझा चहा निवेपर्यंत थांबेल.

एका कणाच्या पोटात त्यांना पाण्याचा थेंब सापडला,
खारट, आपल्या समुद्राहून जुना.
वार्ताहरांनी विचारलं, काय वाटतं?
बाई म्हणाल्या, चव बघता येत नाही, एवढंच.

किरिशिकी दुसऱ्या वर्षीच सोडून गेला,
आसाहिकावात चष्म्याचं दुकान काढलं त्याने.
कुणी त्याचं नाव काढत नसे.
बाई मात्र दीड तास रेल्वेने जाऊन
चष्मा त्याच्याकडूनच करून घेत.
काचा नीट पुसतो तो, म्हणत.

तिसऱ्या फेब्रुवारीत माझ्या हातून
वीज जरा जास्त झाली.
एकेचाळीस नंबर उडाला.
टिचकीचासुद्धा आवाज नाही.
अकरा दिवस आम्ही पेटीचा कोपरा न् कोपरा,
हातमोज्यांच्या चुण्या, फरशीच्या फटी,
डोळ्यांत तेल घालून पाहिल्या.
बाराव्या दिवशी मी रजिस्टरात लिहिलं: हरवला.
आणि राजीनाम्याचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी माझ्या शब्दावर पट्टी धरून
एक सरळ रेघ ओढली, खाली लिहिलं:
खोलीत आहे.
‘हरवला’ हा निष्कर्ष झाला, हानावा.
निरीक्षण लिही.
पाकिटाची चौघडी घालून
टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.
टेबल अजून डुगडुगत नाही.

आता शिंकेचा प्रश्न मी विचारतो.
गेल्या महिन्यात नवे संचालक तळघरात आले,
मागचं कपाट उघडून थबकले.
व्हॅक्यूमच्या पिशव्या, तेवीस वर्षांच्या,
प्रत्येकीवर तारीख, बाईंच्या अक्षरात,
नंतर माझ्या.
कचरा कशाला साठवलाय?
मी काय सांगणार होतो.
आत आम्हा सगळ्यांच्या कातडीची धूळ आहे,
किरिशिकीच्या स्वेटरचे धागे,
बाईंचा एखादा केस, तेव्हा काळा असलेला,
आणि त्यातच कुठेतरी
पृथ्वीच्या आधीचा एकजण.
नोंद अजून पुरी व्हायचीय, मी म्हणालो.

बाईंच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू.
नव्या वर्षाच्या सकाळी त्यांचा फोन येतो,
मागे सुरीने शिंपला उघडल्याचा आवाज.
शुभेच्छा नाहीत, तब्येत नाही,
नुसतं, एकेचाळीस?
नाही अजून, बाई.
बरं, म्हणतात त्या,
आणि दुसरा शिंपला घेतात.